गाडी रात्री ठेवून जा

सकाळी सेल्फ मारला की गाडी थरथरते, अर्धा मिनिट मिसिंग मारते आणि मग काही झालंच नव्हतं अशी चालायला लागते. डिसेंबर-जानेवारीत ही तक्रार आमच्याकडं हटकून येते. पण मुकुंदवाडीतल्या गॅरेजात गिऱ्हाईक पोहोचतं ते पोरांची शाळा आणि जालना रोडची गर्दी उरकून, अकराच्या सुमाराला. तोवर इंजिन तापलेलं असतं आणि दुखणं पसार झालेलं असतं. मालक ओशाळून म्हणतात, ‘आत्ता बघा कशी छान चालतेय, पण सकाळी...’ मी म्हणतो, गाडी रात्री ठेवून जा. सकाळी मी चावी लावेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही.

काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. पण त्यामागं कारण आहे. पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंड इंजिनात बरंचसं पेट्रोल वाफ न होता भिंतींना चिकटून राहतं, म्हणून सुरुवातीला ते जास्त सोडावं लागतं. जुन्या गाड्यांत त्यासाठी चोक ओढायचा. आता ते काम ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर करतो, तेही कूलंटच्या सेन्सरवर भरवसा ठेवून. इंजिन तापल्यावर एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा हे प्रमाण धरायला सायलेन्सरच्या वाटेतला ऑक्सिजन सेन्सर मदत करतो. पण तो सेन्सर ३०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे सुरुवातीचा थोडा वेळ ईसीएम निव्वळ अंदाजावर इंजिन चालवतो. चिरलेला व्हॅक्यूम पाइप किंवा कचरा धरलेला इंजेक्टर पुढं तो सांभाळून घेतो. त्या पहिल्या मिनिटात मात्र सांभाळणारं कुणी नसतं, आणि नेमकं तेच मिनिट मला बघायचं असतं.

सकाळी चावी आधी फक्त ऑन करायची आणि स्कॅनरवर दोन आकडे बघायचे: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे असले पाहिजेत. बाहेर १२ अंश असताना कूलंट ४० दाखवत असेल, तर सेन्सर चुकीचं सांगतोय आणि पेट्रोल कमी पडतंय. मग चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करायची; दर वेळी पंप दोन-तीन सेकंद चालून लाइनमध्ये प्रेशर भरतो. एवढ्यानं गाडी स्वच्छ सुरू झाली, तर रात्रीत प्रेशर उतरतंय हे कळलं. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली घसरली, तर बाकी सगळं सोडून आधी बॅटरी बघायची.

मागच्या हिवाळ्यात एका निवृत्त सरांची गाडी आली. पेट्रोल, चार सिलिंडर. दुसरीकडं चारही प्लग आणि चारही कॉइल बदलून झाले होते, थरथर तशीच. ‘बदलून बघू’ या पद्धतीचा मला राग आहे. त्यात मालकाचे पैसे जातात आणि हाती काहीच लागत नाही. बॉनेट उघडलं तर कूलंटची बाटली खालच्या रेघेच्याही खाली. सर म्हणाले, ‘थोडं कमी होतं अधूनमधून, मी भरतो.’ काय भरता? ‘बोरचं पाणी.’

आपल्या शहरात जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही, त्यामुळं घरोघरी बोर आणि टँकर. पण बोरचं जड पाणी रेडिएटरमध्ये गेलं की आत क्षार बसतात, गंज थांबवणारं कूलंटमधलं औषध पातळ होत जातं आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड गॅस्केटच्या कडेनं खायला लागतं.

संध्याकाळी रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून साधारण एक बार प्रेशर भरलं आणि गाडी तशीच ठेवली. सकाळी काटा खाली आलेला, गाडीखाली मात्र एक थेंब नाही. प्लग काढले. तिसरा टोकाला ओला होता. तो ओलावा बोटावर घेतला. पेट्रोल असतं तर लगेच उडून गेलं असतं, हा बोटांमध्ये बुळबुळीत राहिला. (कूलंट विषारी असतं, जिभेला लावून बघायचा मोह कुणी करू नये.) प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा सोडला. तीन पिस्टन कार्बननं काळे, आणि तिसरा राखेनं घासलेल्या भांड्यासारखा लख्ख, त्यावर फिकट हिरवा थेंब. रात्रभर झिरपलेलं कूलंट सकाळी वाफ होऊन जायचं, तेवढा वेळ तो सिलिंडर पेटायचा नाही. पहिल्या मिनिटातला पांढरा धूरही त्याचाच.

हेड उतरवलं. तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून फीलर गेज सरकवला, तर तिसऱ्या सिलिंडरपाशी ०.१० मिलिमीटरची पात अलगद आत गेली. तिथं ०.०५ सुद्धा अडायला हवी होती. हेड चिकलठाणा एमआयडीसीत फेसिंगला पाठवलं. नवं गॅस्केट आणि बोल्टही नवे, कारण या इंजिनाचे बोल्ट आवळताना ताणले जातात, ते पुन्हा वापरायचे नसतात. आवळायचे ते मधून सुरू करून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं, टॉर्कच्या पान्यानं. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून आतली हवा काढली. त्यानंतरही गाडी एक रात्र ठेवून घेतली, कारण थंड इंजिनावर सुरू करून बघितल्याशिवाय हे काम झालं असं मी म्हणत नाही. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली, चारही सिलिंडर एकसारखे.

सरांनी विचारलं, ‘मिस्त्री, पुढं कमी झालं तर फिल्टरचं पाणी चालेल?’ म्हटलं, सर, रस्त्यात अडलात तर चालेल, पण घरी आल्यावर कूलंट मापात करून घ्या. पंधरा दिवसांतून एकदा, इंजिन थंड असताना, बाटलीची रेघ बघा. पातळी उतरली आणि खाली ठिबकलेलं दिसलं नाही, तर भरत बसू नका, थरथर सुरू व्हायच्या आधी गाडी इकडं आणा. आणि आदल्या संध्याकाळीच आणा.