दाराच्या तळाशी

गाडी शेडमध्ये आली की मी आधी दार वाजवून बघतो. काचेखालून सुरुवात करायची आणि बोटाच्या पेराने ठोकत ठोकत खाली यायचं. शाबूत पत्रा टणटण बोलतो. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली जागा आली की आवाज बसतो. तळाच्या चार बोटांत तर बहुतेक जुन्या गाड्यांना आवाजच उरलेला नसतो. ज्यांनी मला हे काम शिकवलं ते मेस्त्री हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सदर्न मराठा रेल्वेच्या काळात, १८८०च्या दशकात उभ्या राहिलेल्या त्या वर्कशॉपात त्यांची उमर डब्यांचे पत्रे ठोकण्यात गेली. "गंगूबाई हनगलांच्या गावात राहतोस, कान तयार ठेव," असं ते मला म्हणायचे. पत्र्याची पारख मी त्यांच्याकडून कानानेच शिकलो.

गेल्या उन्हाळ्यात गोकुळ रोडवरच्या माझ्या शेडमध्ये एक शेवरोले पिकअप आली, १९५१ची. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ साली कारखाना काढला होता आणि १९५४ साली तो बंद केला. परदेशातून आलेले सुटे भाग तिथे जोडून गाड्या तयार व्हायच्या. ही त्यांतलीच. तेव्हा आमचा धारवाड जिल्हाही मुंबई राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ला तो म्हैसूर राज्यात गेला. मालकांचे आजोबा हिच्यातून गोकर्णाजवळच्या साणीकट्ट्याचं मीठ आणि अंकोल्याची सुकी मासळी आणायचे. अरेबैल घाट चढून, यल्लापूरवरून हुबळीच्या बाजारात. मालक म्हणाले, "मेस्त्री, दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं की दारं फेकून द्या, नवीन बनवून देतो. तुम्ही काय म्हणता?"

मी दार वाजवलं. वरचा पाऊण भाग घंटेसारखा बोलला. मग दाभण घेऊन खालची कड टोचत गेलो, तर दाभण बिस्किटात शिरावं तसं आरपार. "दार फेकायचं नाही अण्णा," मी म्हटलं, "पाऊण दार अजून जिवंत आहे."

दार कुजतं ते आतून, आणि ही गोष्ट गाडी वापरणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. पावसाचं पाणी काचेवरून ओघळतं आणि काचेच्या फटीतून दाराच्या पोटात उतरतं. ते तिथे जाणारच. गाडी बनवणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून तो दाराच्या तळाला दोन-तीन भोकं ठेवतो. आलेलं पाणी त्यातून निघून जावं. पण रस्त्याची धूळ, आमच्याकडची काळी माती, चिंचेचा पाला, रबराचा भुगा असं सगळं तळाशी साचतं आणि भोकं बुजतात. मग दार म्हणजे हौद. बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडून घडी मारलेली असते. त्या घडीत पाणी शिरलं की सुटत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. म्हणून घडी फुगते, उकलते आणि आणखी पाणी आत घेते. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं काम उरकलेलं असतं. आणि या गाडीत तर मीठ होतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ कसं आपोआप पाझरतं, ते घरोघरी माहीत आहे. तसंच दाराच्या कोपऱ्यात बसलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेत राहतं. वर धारवाडची ती दिवसदिवस न थांबणारी झिमझिम. माझा शिकाऊ पोरगा गंजाला कानडीत तुक्कु म्हणतो. माझे वडील शेतकरी, ते तांबेरा म्हणायचे. गव्हाच्या पानावर पडतो तो आणि विळ्यावर चढतो तो, दोन्हींना तोच शब्द.

दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, काच काढली, चॅनेल काढलं आणि रंग उतरवायला घेतला. वर लाल, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा. हिरव्याच्या पोटातून पांढरी अक्षरं वर आली तेव्हा मी ग्राइंडर बंद केला आणि पाण्याचा पॉलिश पेपर हातात घेतला. कुणा पेंटरने ब्रशने लिहिलेलं, सुरेख वळणाचं: 'मीठ व सुकी मासळी', आणि त्याखाली 'हुबळी'. ही खालची ओळ दाराच्या बरीच तळाशी आली होती. 'हु'चा उकार जिथे वळतो तिथपर्यंत गंज पोचला होता.

गंजलेला पत्रा कापायचा तर नियम सोपा आहे. दिसतो तिथवर कापायचं नाही, चांगला लागेल तिथवर जायचं. अर्धमेल्या पत्र्याला टाका धरत नाही. ठिणगी पडली की तो फुलबाजीसारखा जळून जातो. आणि इथे चांगला पत्रा त्या उकाराच्या मध्यातून सुरू होत होता. मी दोन दिवस कापलंच नाही. दाभणाने, भिंगाने एकेक दोरा जागा तपासली आणि शेवटी सरळ रेघ सोडून उकाराच्या अंगाने वळसा घेत कापलं. सरळ कापलं असतं तर पॅच एका तासात बसला असता. वळणाच्या पॅचला अख्खा दिवस गेला. उकाराचं शेपूट तेवढं गेलं, बाकी अक्षर वाचलं.

पॅचचं माप मी कागदावर घेतो. जुन्या कालनिर्णयाचं पान त्याला उत्तम. कडेवर दाबून बोट फिरवलं की रेघ उमटते. पत्रा वीस गेजचा, सी.आर.चा. खाली घडी घालायला अर्धा इंच जास्त ठेवायचा. पॅच जुन्या पत्र्याला कडेला कड भिडवून बसवायचा, वर चढवायचा नाही. हे मी स्वतः चुकून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एका जीपच्या दाराला मी पॅच वरून चढवून मारला. लवकर झालं, मालक खूश झाले. दुसरा पावसाळा संपता संपता त्याच रेघेवर फोड आले, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये मी स्वतःच पाण्याला घर बांधून दिलं होतं. ते दार मी पैसे न घेता पुन्हा केलं. जीपवाल्याचा तो चेहरा अजून आठवतो.

टाके मारताना घाई केली तर दार वाकतं. पातळ पत्रा तापला की फुगतो, निवला की आवळतो. सलग वेल्डिंग ओढलं की सपाट दार ताटासारखं खोल होतं. म्हणून एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला, एक मधोमध. मग थांबायचं. हात लावून बघायचा, हाताला सोसवलं की पुढचा. हातभर लांबीच्या शिवणीला माझी अर्धी सकाळ जाते. पोरगा अस्वस्थ होतो, पाणी मारू का म्हणून विचारतो. मी त्याला चहा सांगायला पाठवतो. शिवण पुरी झाली की आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून वरून हातोडीने हलके हलके ठोकायचं, म्हणजे आवळलेला पत्रा पुन्हा सैल होतो. मग पुन्हा पेराने वाजवून बघायचं. या दाराचा आवाज वरपासून खालपर्यंत एक झाला, तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती.

लांबीवर माझा राग नाही. कागदाएवढी लांबी उत्तम कारागिरालाही लागते. पण गंजावर बोटभर लांबी थापून वर चकचकीत रंग मारणं ही फसवणूक आहे, आणि ती करणाऱ्याला ते पुरतं माहीत असतं. त्या लांबीखाली ओल कोंडून पत्रा दुप्पट वेगाने जातो.

आतल्या बाजूला मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, जिथे पुन्हा कुणाची नजर जायची नाही तिथे. तारेच्या ब्रशने घासून, राहिलेल्या गंजाला फॉस्फोरिक ॲसिड लावलं की तो काळा पडून स्थिर होतो. मग प्रायमर, मग घडीत मेण. माझे मेस्त्री जवसाच्या तेलात शेंदूर कालवून लावायचे. मारुतीला फासतात तोच शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साइड. पुलांना आणि जहाजांनाही एकेकाळी तोच लावत. शिसं विषारी, म्हणून मी तो वापरत नाही. पण त्यांच्या हातची दोन दारं मी चाळीस वर्षांनी उघडली आहेत आणि आतला शेंदूर होता तसाच होता.

मालकांना दारावरची अक्षरं दाखवली, तर ते काही बोलले नाहीत, नुसता हात फिरवत राहिले. दाराचा मधला भाग आम्ही रंगवला नाही. अक्षरांवर साफ लॅकर चढवला. 'हु'चा उकार थोडा तोकडा आहे. तो मी रंगवून पुरा केला नाही. तळाला तीन भोकं पाडली आणि मालकांच्या देखत दारात तांब्याभर पाणी ओतलं. तिन्हींतून धार लागली.

तुमची गाडी जुनी असो की परवाच घेतलेली, मृग लागायच्या आधी एकदा दार उघडा, खाली वाका, तळाची भोकं शोधा आणि तार घालून मोकळी करा. पाच मिनिटांचं काम आहे.