नाव विरताना

अ‍ॅनिमेशनमध्ये अक्षरे विरवणे आता फार सोपे झाले आहे. एका फ्रेमपाशी त्यांची अपारदर्शकता १०० ठेवावी, पुढच्या एखाद्या फ्रेमपाशी ०. मधल्या पायऱ्या संगणक आपणच भरतो. मूकपटांच्या काळी कॅमेऱ्याचे हँडल फिरवता फिरवता भिंगाचे छिद्र हळूहळू मिटवून हेच साधीत. तेव्हा निदान हात तरी दुखत असे!

आमच्या आरोंद्याच्या शाळेतील एका मुलाने आपल्या दशावतारी आजोबांवर चित्रफीत केली. आजोबा त्याच पावसाळ्यात गेले होते. अखेरीस त्यांचे नाव उमटले आणि २५ फ्रेमांत, म्हणजे एका सेकंदात, विरलेही.

“सर, असांच भारी दिसता,” तो म्हणाला. खरेच दिसत होते. पण शेजारी त्याची आजी बसली होती, एकेक अक्षर लावून वाचणारी. ती दुसऱ्या अक्षराशी पोचते तोच पडदा काळा.

“आजीचं वाचून होईपर्यंत नाव धरून ठेव,” मी म्हटले.

त्याने विरण्याची खूण १५० फ्रेम पुढे सरकवली. सहा सेकंद. उखाण्याखेरीज नवऱ्याचे नाव तिने कधी मोठ्याने घेतले नसावे. आताही नुसते ओठ हलले. मग आडनाव. अक्षरे अजून उभीच होती.

“आता जांव दे तेंका,” ती म्हणाली.