मंगळाच्या तसबिरी

डोळ्यांस जें अर्धवट दिसतें तें मन आपल्या पदरचें घालून पुरें करतें, हें समजावयास वेदान्त वाचावा लागत नाहीं. तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडांत दोरीचा साप प्रत्येकानें एकदां तरी पाहिलेला असतो. दिवा आणल्याबरोबर तो साप नाहींसा होतो, व घरांतील मंडळी हंसून आपापल्या कामास लागतात. मंगळ ग्रहाच्या बाबतींत मात्र दिवा आणावयास ८८ वर्षें लागलीं, आणि दिवा आल्यावरहि साप निमूटपणें गेला नाहीं.

१८७७ सालीं मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला असतां मिलान येथील वेधशाळेंतून शियापारेली नांवाच्या ज्योतिर्विदानें त्याचा नकाशा काढला. त्यांत त्यानें कांहीं बारीक रेषा दाखविल्या व त्यांस आपल्या इटालियन भाषेंत 'कानाली' म्हटलें. शब्द मोघम आहे. निसर्गानें पाडलेला चर असाहि त्याचा अर्थ होतो. पण इंग्रजींत उतरतांना त्याचा 'कनाल', म्हणजे मनुष्यानें खणलेला कालवा झाला. सुएझचा कालवा सुरू होऊन तेव्हां अवघीं आठ वर्षें झालीं होतीं, आणि कालवा हा शब्द युरोपांत सर्वांच्या तोंडीं होता. कालवा म्हटला कीं खणणारा आला, खणणारा म्हटला कीं त्याची तहान आली, व तहान आली कीं मागोमाग त्याचें सारें राज्य आलें. इंग्रजी शिकविण्यांत व क्वचित् भाषांतरें करण्यांत आमचा जन्म गेला असल्यामुळें, एका शब्दाच्या ढिलाईंतून केवढा संसार उभा राहूं शकतो हें पाहून आम्हांस धडकी भरते.

या शब्दावर इमला चढविला तो अमेरिकेंतील पर्सिव्हल लॉवेल यानें. बोस्टनच्या धनाढ्य घराण्यांतला हा गृहस्थ. वय चाळिशीजवळ आलें असतां मंगळानें त्यास झपाटलें. १८९४ सालीं त्यानें ॲरिझोनांतील फ्लॅगस्टाफ येथें, हवा कोरडी व स्थिर म्हणून, स्वतःच्या पैशानें वेधशाळा बांधली, आणि रात्रीमागून रात्री दुर्बिणीस डोळा लावून कालव्यांचें जाळें कागदावर उतरविलें. त्याची उपपत्ति अशी कीं, मंगळ हा सुकत चाललेला म्हातारा ग्रह आहे, व तेथील शहाण्या लोकांनीं ध्रुवांवरील बर्फाचें पाणी विषुववृत्ताकडे आणण्यासाठीं हे कालवे खणले आहेत. उपपत्ति मोठी करुणरम्य आहे, आणि ती सांगणाराची भाषाहि सुरेख होती. लॉवेल लबाड नव्हता, आळशी तर नव्हताच. म्हणूनच त्याची गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

ग्रीनिचच्या वेधशाळेंतील मॉंडर या ज्योतिर्विदानें १९०३ सालीं एक सोपा प्रयोग केला. जवळच्या शाळेंतील मुलांस बसवून त्यांच्यासमोर मंगळासारखें एक चित्र टांगलें. त्यांत कालवे मुळींच नव्हते. नुसते ठिपके व वेडेवांकडे डाग होते. दिसेल तसें काढा, एवढीच आज्ञा. पुरेशा अंतरावर बसलेल्या कित्येक मुलांनीं ते ठिपके जोडून सरळ रेषा काढल्या! तीस वर्षें इंग्रजी कवितांवरील उत्तरपत्रिका तपासल्यावर आम्हांस त्या मुलांविषयीं आश्चर्य वाटत नाहीं. कवितेंत दोन ठिपके असावेत व विद्यार्थ्यानें त्यांमधून तत्त्वज्ञानाचा कालवा काढावा, हें आम्ही दर परीक्षेस पाहतों, आणि कालवा सुबक असला तर त्यास गुणहि देतों.

आपल्याकडे मंगळावर कालवे कोणी पाहिले नाहींत. आपण त्या तांबड्या ठिपक्यांत कोप पाहिला. वस्तुतः संस्कृतानें या ग्रहास दिलेलीं नांवें एका तऱ्हेचीं नाहींत. अंगारक म्हणजे निखारा, लोहितांग म्हणजे तांबड्या अंगाचा. हीं नांवें डोळ्यांनीं दिलेलीं. परंतु त्याचें आणखी एक नांव भौम, म्हणजे भूमीचा मुलगा. पृथ्वीचा लेक म्हणून ज्याची ओळख, त्यास लग्नाच्या वाटाघाटींत मात्र आपण तापट परका समजून दचकतों. आमच्या अक्काच्या पत्रिकेंत तो सातव्या घरांत होता. वडील पत्रिका घेऊन गांवोगांव हिंडले, आणि 'मुलगी पसंत आहे, पण मंगळ कडक आहे' हें उत्तर घेऊन परत आले. पुढें मंगळ असलेल्या मुलाचें स्थळ पाहूं लागले, व त्या शोधांत अक्काचें वय निघून गेलें. ती प्राथमिक शाळेंत मुलांना भूगोल शिकवीत राहिली. या गोष्टीविषयीं तिनें कधीं चकार शब्द काढला नाहीं, म्हणून आम्हीहि येथें अधिक लिहीत नाहीं. सांगावयाचें इतकेंच कीं, लॉवेलच्या रेषांनीं कोणाचें फारसें बिघडलें नाहीं. आमच्याकडील रेषा कुंडलीच्या चौकटींत काढलेल्या होत्या.

दिवा आला तो १९६५ च्या जुलैंत. अमेरिकेचें मरिनर-४ हें यान मंगळापासून सुमारें दहा हजार किलोमीटरांवरून निघून गेलें, व जातांना त्यानें २२ तसबिरी घेतल्या. एक तसबीर म्हणजे २०० ओळी व दर ओळींत २०० ठिपके. प्रत्येक ठिपका किती उजळ हें सांगणारा एक आंकडा. हे आंकडे इतक्या सावकाश येत कीं, एक तसबीर पृथ्वीवर पोहोंचावयास आठ तास लागत. कॅलिफोर्नियांत पॅसाडेना येथें वाट पाहत बसलेल्या इंजिनिअरांस यंत्र चित्र तयार करीपर्यंत धीर निघेना. त्यांनीं आंकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या शेजारीं शेजारीं चिकटविल्या, रंगीत खडू आणले, आणि अमुक आंकड्यास अमुक रंग असें ठरवून ते शाळकरी पोरांप्रमाणें रंगवीत बसले. परग्रहाची जवळून घेतलेली पहिली तसबीर अशी हातानें रंगविलेली आहे, व ती अद्याप जपून ठेविली आहे. यानांच्या साऱ्या इतिहासांत याहून लोभस प्रसंग आम्हांस ठाऊक नाहीं.

पण तसबिरींत दिसलें काय? विवरें! चंद्रावर असतात तशीं विवरें, आणि त्यांभोंवतीं उजाड जमीन. कालवे नाहींत, शेतें नाहींत, हवा तर अत्यंत विरळ. मंगळ हा मेलेला ग्रह आहे, असें वृत्तपत्रांनीं जाहीर करून टाकलें. वास्तविक त्या २२ तसबिरींत मंगळाचा शेंकडा एक इतकाच भाग आला होता. शंभर पानांच्या पोथीचें एक पान उलटून ती नीरस ठरविण्याचाच हा प्रकार. साप नाहीं असें कळतांच, तेथें कांहींच नाहीं असें ठरलें. १९६९ सालीं आणखी दोन यानें जवळून गेलीं, त्यांसहि बहुतेक विवरेंच दिसलीं. मग १९७१ च्या नोव्हेंबरांत मरिनर-९ पोहोंचलें. तें निघून न जातां मंगळाभोंवतीं फिरत राहिलें. तेव्हां साऱ्या ग्रहावर धुळीचें वादळ माजलें होतें, व त्या पिवळ्या पडद्यांतून चार काळे ठिपके तेवढे वर दिसत होते. यानानें वाट पाहिली. महिन्यादोन महिन्यांत धूळ बसली, आणि ते ठिपके म्हणजे ज्वालामुखींचीं शिखरें निघालीं. त्यांतील ऑलिंपस हा पर्वत सुमारें २२ किलोमीटर उंच, म्हणजे आपल्या एव्हरेस्टच्या जवळजवळ अडीचपट. त्याचा पायथा पुण्याहून नागपुरापर्यंत पोहोंचेल एवढा रुंद. एक दरी अशी सांपडली कीं, ती काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत घालूनहि उरावी. आणि कोरड्या नद्यांचीं पात्रें दिसलीं, फांटे फुटलेलीं, वळणें घेतलेलीं. लॉवेलनें पाणी पाहिलें तें नसलेल्या जागीं. त्यास हंसणारांनीं असलेल्या जागींहि पाहिलें नाहीं.

यंत्राचा डोळा निर्विकार असतो असें म्हणण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस पटत नाहीं, कारण यंत्राच्या पाठीमागें बसणारा मनुष्य निर्विकार नसतो. १९७६ च्या जुलैंत व्हायकिंग-१ मंगळावर उतरलें. त्याची पहिली रंगीत तसबीर घाईनें तयार झाली तेव्हां तींत आकाश निळसर होतें. आकाश निळेंच असावयाचें, हें कोणीं निराळें सांगावयास नको होतें. यानावर बसविलेल्या रंगांच्या नमुन्यांशीं ताडून पाहतांच तो निळेपणा उतरला, व धुळीनें भरलेलें फिकट गुलाबी आकाश वर आलें. त्याच महिन्यांत वरून फिरणाऱ्या यानानें सायडोनिया नांवाच्या प्रदेशांतील एक टेकाड टिपलें. तिरप्या उन्हाच्या सांवल्यांमुळें त्यावर डोळे, नाक, तोंड उमटलें होतें. हा सांवल्यांचा खेळ आहे असें शास्त्रज्ञांनीं प्रथमच सांगितलें. तरी पुढें कित्येक वर्षें त्या चेहऱ्यावर पुस्तकें निघत राहिलीं. शेंदूर माखलेल्या शिळेंत सोंड ओळखावयास ज्यांचे डोळे लहानपणींच शिकले, त्यांनीं यास फार हंसूं नये. फरक एवढाच कीं, शिळेपुढें हात जोडणारा तिच्याविषयीं शास्त्रीय दावा सांगत नाहीं. १९९८ व २००१ सालीं अधिक बारकाईनें घेतलेल्या तसबिरींत तें टेकाड टेकाडच निघालें.

२४ सप्टेंबर २०१४ रोजीं आपलें मंगळयान त्या ग्रहाच्या कक्षेंत शिरलें. त्याची कक्षा लांबट. तें सत्तर हजार किलोमीटरांपलीकडे दूर जाई, म्हणून अख्खा गोल एका तसबिरींत धरण्याचें भाग्य त्यास लाभलें. २०२२ सालीं त्याच्याशीं संपर्क तुटला, तसबिरी राहिल्या. मंगळावरील लहान विवरांस पृथ्वीवरच्या गांवांचीं नांवें देण्याची पद्धति आहे. त्यांत एक 'पूना' आहे व एक 'लोणार' आहे. पहिल्याविषयीं पुणेकरांस कांहींच नवल वाटणार नाहीं; दुसरें मात्र न्यायानें मिळालेलें आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर म्हणजे उल्कापातानें आपल्या काळ्या पाषाणांत पडलेलें विवर, आणि मंगळाची पुष्कळशी जमीनहि त्याच जातीच्या पाषाणाची; म्हणून तेथील विवरांचा उलगडा करूं पाहणारे शास्त्रज्ञ लोणारचे दगड तपासतात. भूमीच्या मुलाचें तोंड आईवर गेलें आहे तें असें.

पर्वत झाले, दऱ्या झाल्या. पण आम्हांस विचाराल तर या साठ वर्षांतील सर्वांत मोठ्या तसबिरी गोट्यांच्या आहेत. १४ जानेवारी २००५ रोजीं ह्युजेन्स हें यान शनीच्या टायटन नांवाच्या चंद्रावर उतरलें, तेव्हां त्याच्या पुढ्यांत वाटोळे गोटे पडलेले दिसले. थंडी तेथें शून्याखालीं १८० अंशांच्या सुमाराची. गोटे बर्फाचे, आणि त्यांस घासून वाटोळे करणारा प्रवाह द्रवरूप मिथेनचा. मंगळावरचे मात्र दगडाचेच. २०१२ सालीं क्युरिऑसिटी ही चाकांची गाडी गेल नांवाच्या विवरांत उतरली, व दोन महिन्यांच्या आंत तिनें एका फुटलेल्या खडकाची तसबीर पाठविली. उखडलेल्या काँक्रीटचा तुकडा असावा तसा तो दिसतो. घट्ट झालेल्या वाळूंत रुतलेले गुळगुळीत खडे. एवढाले खडे वारा उचलूं शकत नाहीं. लोळत, एकमेकांवर आपटत, झिजत ते आले ते पाण्यांतून, तीनशें कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं. त्यांच्या आकारावरून प्रवाहाचा हिशोबहि मांडतां आला.

ही तसबीर आम्हीं अक्काला दाखविली. कशाची तें सांगितलें नाहीं. तिनें चष्मा वर सारला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला व बराच वेळ पाहिलें.

"कुठल्या नदीचं पात्र रे हें?"

आम्हीं सांगितलें. नांव ऐकून ती क्षणभर थांबली. मग पुन्हां तसबिरीकडे वळली.

"पाणी केवढं होतं म्हणतात?"

"घोट्यापासून कमरेइतकं."

"आणि ओढ?"

"माणूस चालतो तेवढी."

"मग काय," अक्का म्हणाली, "साडी जरा वर खोचली कीं उतरून जातां आलं असतं."