नंदी मागं असलेलं गाव

आमच्या भागात माणसाचं डोकं फिरलं की त्याला तीन जागा ठरलेल्या. आधी गोठा, मग देवाचं-बाहेरचं, आणि सगळं करून थकलं की दूरचा वेड्याचा दवाखाना. लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला एक तरणाबांड गडी गोठ्यात बांधलेला असायचा. पायात म्हशीची साखळी. त्याची माय दोन टायमाला भाकरी घेऊन जायची, जवळ बसून खाऊ घालायची. साखळी तिनंच घातलेली आणि घासही तिनंच भरवलेला, म्हणून गावात त्याला कुणी जुलूम म्हणत नव्हतं. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमाला आग लागली. साखळीनं बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही, २८ जण गेले. पेपरात ते वाचताना मला तोच गोठा आठवला.

आणि दवाखाना म्हणजे तर 'गेला तो गेलाच'. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. सगळी इंग्रजांच्या काळातली. माझ्या अख्ख्या नोकरीच्या काळात मराठवाड्यात एकही नव्हतं. हिंगोलीहून पुण्याला जायचं म्हणजे रात्रभराची एसटी. ज्या घराला दिवसाची मजुरी बुडवणं परवडत नाही, ते घर भेटीला जाणार कधी? पहिल्या वर्षी दोनदा जातं, दुसऱ्या वर्षी दिवाळीला, आणि मग पत्रसुद्धा बंद होतं.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी औंढा नागनाथच्या आजूबाजूला. निवृत्त झाल्यावर काही वर्षं मुलाकडं एका मोठ्या शहरात राहिले. शहराचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की दवाखाना कोणता ते कळेल. तिथं घरात बसून करमेना, म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक झाले. वकील नव्हे हां. प्रशिक्षण घ्यायचं, गळ्यात कार्ड घालायचं आणि जिथं वकील पोचत नाही तिथं जाऊन बसायचं. मानसिक आजारी माणसांसाठी तेव्हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१५ ची एक योजना होती. तिच्याप्रमाणं आम्ही मनोरुग्णालयाला भेट द्यायचो. सोबत प्राधिकरणाचे सचिव, म्हणजे न्यायाधीशच, एक डॉक्टरीणबाई, आणि आम्ही दोघी स्वयंसेविका.

जायच्या आधी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मी मुलांना धडा शिकवायचा असल्यासारखा वाचून काढला. पेन्सिलीनं खुणा केल्या. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'वेडेपणा' होता. १९८७ चा आला तरी त्यात भरती कशी करायची याचाच पसारा जास्त. २०१७ चा मात्र माणसाकडून सुरू होतो. साखळी घालायची नाही, कुठल्याच रूपात नाही. भूल दिल्याशिवाय विजेचा झटका द्यायचा नाही. डोकं जबरदस्तीनं भादरायचं नाही. दवाखान्याचेच कपडे घाल असा जुलूम करायचा नाही. पाळीच्या दिवसांत बाईला लागतं ते मिळालं पाहिजे. काम करवून घेतलं तर पैसे दिले पाहिजेत. तक्रार ऐकायला पुनरावलोकन मंडळ, त्यावर जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अध्यक्ष आणि दोन जागा आजारी माणसांच्या किंवा त्यांना सांभाळणाऱ्यांच्या. आणि कलम १९ : घर नाही, किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणावरून कुणाला दवाखान्यात ठेवून घ्यायचं नाही. या कलमाखाली मी दोनदा रेघ मारली होती.

पहिली भेट २०१९ च्या फेब्रुवारीतली. लोखंडी गेट, आत दुसरं गेट, मग बायकांचा वॉर्ड. दार उघडून आम्हाला आत घेतलं आणि पाठीमागं लगेच कुलूप लावलं. तो कुलपाचा आवाज नर्सबाईंना ऐकूही येत नसेल, मला मात्र आला.

वरवर सगळं ठीक होतं. फरशी ओली, म्हणजे आत्ताच पुसलेली. वरणाला दाटपणा होता, पोळ्या गरम. पण शाळा-तपासणीचा मला दोन्ही बाजूंनी अनुभव. साहेब येणार म्हटल्यावर फळ्याला काळा रंग कसा लागतो ते ठाऊक. म्हणून मी स्वयंपाकघर सोडून संडासाकडं गेले. पाच संडास, दारं दोनालाच. आतून कडी नको हे मला कळतं, कुणी स्वतःला कोंडून घेतलं तर जीव जायचा. पण दारच नको? विचारलं तर उत्तर आलं, "दुरुस्तीला टाकलीत." कधी टाकलीत, ते कुणाला सांगता येईना. बायांची डोकी बहुतेक भादरलेली. "उवा होतात मॅडम." उवा आमच्या शाळेतल्या पोरींनाही व्हायच्या, आम्ही फणी आणि औषध आणायचो. तक्रारपेटी होती, रंगवलेली. किल्ली ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची त्यांच्याच टेबलाच्या खणात.

बांधून ठेवण्याची नोंदवही मागितली. कायद्यानं दुसरा काहीच इलाज नसेल तेवढ्यापुरतंच बांधता येतं, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, आणि दर महिन्याला त्याचा हिशेब मंडळाला कळवायचा असतो. वही कोरी करकरीत. आणि कोपऱ्यातल्या दोन खाटांच्या दांड्यांना ओढणीच्या फाडलेल्या पट्ट्या गाठी मारलेल्या तशाच. सचिवसाहेबांनी काही बोलून दाखवलं नाही, नुसतं बोट लावून दाखवलं. तिथली आयाबाई पुढं झाली. म्हणाली, "साहेब, रात्री आम्ही दोघी आन बाया साठ. एक उठून दुसरीचा गळा धरती. डॉक्टर यायला अर्धा तास लागतो. तुम्हीच सांगा काय करावं." तिचं खोटं नव्हतं. वही कोरी ठेवायला तिला कुणी सांगितलं होतं, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही तिला अडचणीत आणलं नाही. अहवालात मात्र दोन्ही लिहिलं, पट्ट्याही आणि रात्रीच्या माणसांचा आकडाही.

याच आयाबाईनं मला 'ती' दाखवली. खिडकीशी बसलेली, पन्नाशीची, शेंगा निवडल्यासारखी बोटं हलवत. "ही बोलत नाही. बोलली तर देवाचं काहीबाही बोलते." कागदावर लिहिलेलं : भरती २००४, रेल्वे स्टेशनवर पोलिसांना सापडली, कोर्टाच्या हुकमानं दाखल. गाव : औंध. दोन पत्रं पाठवली, 'पत्ता सापडत नाही' असा शेरा घेऊन परत. आणि एका जुन्या पानावर डॉक्टरांच्या हातची ओळ, की रुग्ण म्हणते आमच्या गावचं देऊळ फिरलं, नंदी मागं राहिला. भ्रम कायम.

मी तो कागद दोनदा वाचला. मग तिच्याजवळ खाली बसले आणि आपल्या बोलीत विचारलं, "काहून वं माय, नामदेव महाराजाला पुजाऱ्यायनं मागं धाडलं तव्हाच फिरलं ना देऊळ?"

तिची बोटं थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी औंढ्याच्या हाव?"

हिंगोली-परभणीतलं लेकरूसुद्धा ही गोष्ट सांगेल. नामदेव महाराज नागनाथापुढं कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागं जायला सांगितलं, तर देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. म्हणून आमच्या देवळाचा नंदी मागच्या बाजूला. ज्योतिर्लिंगाला येणाऱ्या हजारो लोकांना पुजारी हेच सांगतात. पण औंढ्याचं औंध झालं, एक पुण्यातलं, एक साताऱ्यातलं, आणि पत्रं तिकडं फिरत राहिली. देवळाची गोष्ट आजाराच्या रकान्यात गेली. पंधरा वर्षं! डॉक्टरांची तेवढी चूक मी धरत नाही, ते बिचारे कोकणातले का कुठले. पण एवढ्या वर्षांत मराठवाड्यातला एकही माणूस त्या खिडकीपाशी बसला नव्हता, हे मला सहन होईना.

त्या दिवशी ती तासभर बोलली. नवऱ्यानं टाकून दिलेली, माहेरी भावाकडं होती. तेव्हा आमच्याकडं छोट्या रुळाची गाडी होती, हिंगोलीला तिच्यात बसली, पूर्ण्याला उतरली, पुढचं आठवत नाही. गोळ्या वेळेवर घेत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही घरी जाण्यासारखी कधीचीच आहे.

मार्चात मी गावाकडं आले तशी तिच्या भावाच्या शेतावर गेले. हळद काढणीचे दिवस, कढईखाली जाळ लावलेला, वावरभर शिजलेल्या हळदीचा वास. भाऊ माझा विद्यार्थी निघाला नाही, पण त्याचा पोरगा निघाला, म्हणून बसायला पोतं अंथरलं गेलं. मी फोटो पुढं केला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, हिचं तर तेरावं केलं आमी."

तेरावं केलं तर केलं, हरवलेल्या माणसाची आशा माणूस किती दिवस धरणार. पण तलाठ्याकडं सातबारा काढला तेव्हा कळलं, बाप वारला तेव्हाच्या वारस नोंदीत ती मयत आहे. सात वर्षं ठावठिकाणा नाही म्हणजे मेली असं धरता येतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. ते कोर्टातून ठरवून घ्यावं लागतं, इथं शपथपत्रावरच भागलं होतं. चार एकर, दोन भाऊ. मोठा त्यानंतर वारलेला. म्हणजे बाई जिवंत झाली की वाटणीही जिवंत होणार.

दोन वर्षं त्यातच गेली. २०२० ला टाळेबंदी आली, दवाखान्याच्या भेटी बंद. अशी बरी झालेली माणसं काही ठिकाणी भिक्षेकरीगृहात, वृद्धाश्रमात हलवली जात होती. २०२१ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला ते ताबडतोब थांबवायला सांगितलं. तिचंही नाव अशा एका यादीत होतं असं मला नंतर कळलं. त्या महिन्यात मी भावाला चार वेळा फोन केला. चौथ्यांदा फोन वहिनीनं घेतला. "आणा त्यायला. माणूस हाय, कुठं टाकता. पण बाई, वावराचं नका काढू."

ही अट सचिवसाहेबांना सांगितली तर ते म्हणाले, अशी अट कागदावर येणार नाही, आणि तोंडीही आपण कबूल करायची नाही. ठरवायचं तिनं. व्हिडिओ कॉलवर मी तिला सगळं सांगितलं. मयतीचंही सांगितलं. ती हसली, पहिल्यांदाच हसताना पाहिली मी तिला. म्हणाली, "आदी घर दावा. वावराचं मंग बघू. सोडत नाय म्या."

२०२१ च्या डिसेंबरात ती आली. केस मानेपर्यंत वाढले होते. आयाबाईनं सहा महिने कात्री लागू दिली नव्हती, वर आपल्या पैशानं हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. परसात पत्र्याची खोली दिली आहे. दर महिन्याला हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयातून गोळ्या आणायच्या. भाऊच मोटरसायकलवर नेतो, नंबर लावतो, येताना भजे खाऊ घालतो. तहसीलच्या तारखेला मात्र येत नाही. नोंद दुरुस्तीच्या अर्जावर ती एकटी ऑटोनं जाते, मला यायचं असलं तर बाहेर झाडाखाली बसवते. मागच्या तारखेला कारकुनानं विचारलं, "अर्जदार कोण?" ही म्हणाली, "जी मेली हाय ती."

दवाखान्यात मी अजून वर्षातून दोनदा जाते. पाचही संडासांना दारं बसली. पेटीची किल्ली आता प्राधिकरणाकडं असते. बांधण्याच्या वहीत नोंदी दिसायला लागल्या, त्या दिसल्यावर पहिल्यांदा मला बरं वाटलं, हे ऐकून माझा मुलगा चकित झाला. रात्रीच्या आयाबाया मात्र दोनच आहेत. डोकी अजून कधीमधी भादरलेली दिसतात.

आता मी आधी पत्त्याचा रकाना बघते. एक बाई 'पूर्णा' या नावानं बारा वर्षं होती. ते तिचं नाव नाही, ती गाडीचं ठिकाण सांगत होती. दुसरीच्या कागदावर गाव 'सेलू' लिहिलंय. एक सेलू परभणीत, एक वर्ध्याकडं. ती बोलत नाही, पण परवा भाकरीऐवजी पोळी आली तर ताट सरकवून दिलं तिनं. दोन्ही सेलूच्या पोलीस ठाण्यांना पत्रं गेली आहेत. परभणीकडचं उत्तर अजून यायचंय.