शंकर नगरातला बंद लॅपटॉप

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशनं मागे टाकत पाच-एक तासांत रायपूर येतं. परमुलखात आलो असं इथे वाटत नाही. १७५८ मध्ये नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले, इतकं जुनं हे नातं. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळही १९३५ पासूनचं.

माझी मावशी राहते शंकर नगरात. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि या भागाची वर्दळ वाढली. पण मावशीची गल्ली अजून शांत आहे. सकाळी तिने तांदळाच्या पिठाचा चीला वाढला. आपल्या कोकणातल्या घावनाचा हा सख्खा भाऊच! खाता खाता ती हळूच म्हणाली, "अगं, काकांचा लॅपटॉप सुरूच होत नाही."

काका जाऊन दोन वर्षं झाली. भिलईच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते रोज संध्याकाळी आपलं घराणं विदर्भातून इकडे कसं आलं ते टिपून ठेवत. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आम्ही सोप्यापासून सुरुवात केली. ज्या प्लगवर लॅपटॉप लावला होता, तिथे टेबललॅम्प लावून पाहिला, वीज होती. अ‍ॅडॅप्टरचा दिवाही लागत होता. मग अ‍ॅडॅप्टर काढला, खालची बॅटरी काढली. ती फुगलेली नव्हती. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीच वापरू नये. सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, म्हणजे आत अडकून राहिलेली वीज निघून जाते. मग बॅटरीशिवाय नुसता अ‍ॅडॅप्टर जोडला. पंखा घरघरला, दोन-तीनदा 'बीप' वाजलं, पण पडदा काळाच!

वाटेतल्या एका दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने न उघडताच सांगितलं, "बोर्ड गया. नया ले लो, पुराना हम रख लेंगे." मावशीने लॅपटॉप छातीशी धरला आणि ती दुकानाबाहेर पडली.

शेवटी जयस्तंभ चौकाजवळच्या रवी भवनात गेलो. मोबाईल आणि कॉम्प्युटरच्या दुकानांची तिथे दाटी आहे. एका छोट्या दुकानातल्या वयस्क कारागिराने 'बीप' ऐकलं आणि मान हलवली. "संसो झन करव, दाई," तो म्हणाला. काळजी करू नका, आई! मग आम्हाला समजावं म्हणून हिंदीत म्हणाला, की मशीन मुकं झालं असतं तर गोष्ट वेगळी. हे तर स्वतःच आपलं दुखणं सांगतंय.

त्याने खालचे स्क्रू काढले. आत धुळीची पुटं होती. ब्रशने ती झाडून त्याने स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, बाहेर काढली. तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले आणि पट्टी परत खोचून बसवली. दमट हवा आणि धूळ यांनी तिथला स्पर्श तुटतो, म्हणे. बटण दाबलं आणि पडदा उजळला. तारीख मात्र भलतीच, कितीतरी वर्षांपूर्वीची! आतला बटणासारखा छोटा सेल संपला की असं होतं. तोही त्याने बदलून दिला.

"और नहीं चलता तो?" मी विचारलं. तो हसला. हार्ड डिस्क शाबूत असेल तर ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते, म्हणाला. बोर्ड गेला म्हणून कागद जात नाहीत. फक्त घाईने फॉरमॅट करू देऊ नये.

संध्याकाळी तेलीबांधा तलावाकाठी बसलो. रायपूरकर या काठाला हौसेने मरीन ड्राइव्ह म्हणतात. मावशीच्या पर्समध्ये काकांच्या लिखाणाचा एक पेनड्राइव्ह होता, माझ्या पर्समध्ये दुसरा. "एक रायपुरात, एक नागपुरात," ती म्हणाली. "आपलं घराणंही असंच तर आहे!"

तुमच्याही कपाटात असा एखादा मुका लॅपटॉप असेल. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून तर पाहा.