आळ

खोटा आळ आलेल्या माणसाला शांत झोप लागते, असे म्हणणाऱ्यावर तो कधी आलेला नसावा. माझ्यावर आला होता, प्रश्नपत्रिका फोडल्याचा. मी स्टाफरूममध्ये शिरलो की बोलणी थांबत आणि कपबशांचा तेवढा आवाज उरे. आमचे घर ख्रिस्ती. त्या दिवसांत मी रात्री उत्पत्तीच्या पुस्तकातली योसेफाची कथा पुन्हा पुन्हा वाचीत असे.

या योसेफाचे कपड्यांशी काही वैरच असावे! भावांनी त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाला दाखवला. पुढे मिसर देशात पोटीफरच्या बायकोने त्याचेच वस्त्र नवऱ्यापुढे पुरावा म्हणून धरले. दोन्ही वेळा कापड खरे, हकीकत खोटी. तुरुंगात देव त्याच्या पाठीशी होता. पण म्हणून तो हात जोडून बसला नाही. सुटून जाणाऱ्या प्यालेबरदाराला त्याने बजावले, मी निरपराध आहे, फारोच्या कानांवर घाल. तो गृहस्थ साफ विसरला. दोन वर्षे! शेवटी योसेफ सुटला तो स्वप्नाचा अर्थ सांगता येतो म्हणून. त्या बाईने कबुली दिल्याचे कुठेच लिहिलेले नाही. मी शोधले.

मीही दोनदा लेखी खुलासा दिला आणि रोज अकराचा तास घेतला. चौकशी आपोआप थंडावली. निर्दोष असल्याचा कागद काही मिळाला नाही. 'प्रभो, त्यांना कळू दे' ही माझी प्रार्थना मात्र केव्हातरी 'तुला ठाऊक आहे ना?' एवढीच उरली, आणि मला झोप लागू लागली.

प्रश्नपत्रिकांचा विषय निघाला की एक सहकारी अजून घसा खाकरतात.