खर्जाकडे

सोळाव्या वर्षी ज्या कॅसेटवरून मी जीव ओवाळून टाकत होतो, तिच्यात बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. कॅसेट मेटालिकाची, 'अँड जस्टिस फॉर ऑल', १९८८ सालची. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि त्यांचा बासवादक क्लिफ बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि त्याच्या पहिल्याच पूर्ण आल्बमच्या मिक्सिंगमध्ये त्याचं वाजवणं इतकं खाली दाबलं गेलं की शोधूनही सापडू नये.

मला तेव्हा काहीच कमी वाटलं नव्हतं. साताऱ्याच्या आमच्या घरातल्या टू-इन-वनचा स्पीकर बशीएवढा होता. बास गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. तो सूर त्या बशीतून बाहेर येणंच शक्य नव्हतं. आणि आला असता तरी माझा कान तिथे नव्हता. माझा कान लीड गिटारच्या सोलोवर होता. सोलो संपला की रिवाइंडचं बटण अंदाजाने दाबायचं, टेप मागे पळतानाची चिवचिव ऐकून नेमक्या जागी सोडायचं, आणि पुन्हा तेच. महिन्याभरात बोटाला तो अंदाज इतका पक्का बसला की अंधारातही चुकत नसे. पुढे त्या जागेवर टेप झिजली आणि सोलो पाण्याखालून आल्यासारखा वाजायला लागला.

दर गुरुवारी बाहेरच्या खोलीत आप्पांचं भजनी मंडळ बसायचं. आप्पा पखवाज वाजवायचे. मी आतल्या खोलीचं दार लावून आवाज वाढवायचो. आप्पांनी एकदाही 'बंद कर ते' म्हटलं नाही, हे मला आज जास्त आठवतं.

इंजिनिअरिंगला पुण्याला आलो. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीतल्या मुलाकडे मोठे स्पीकर होते आणि पिंक फ्लॉइडच्या बहुतेक सगळ्या कॅसेट होत्या. मेटालिका सुटलं. भांडण होऊन नव्हे. शाळेतला मित्र सुटतो तसं. पिंक फ्लॉइडमध्ये मला पहिल्यांदा दोन सुरांमधली मोकळी जागा ऐकू आली.

एका दिवाळीच्या सुट्टीत घरी 'मनी' लावलं होतं, १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधलं. सुरुवातीला नाण्यांचा खणखणाट आणि गल्ल्याचा आवाज. टेपचे तुकडे मोजून कापून, जोडून केलेला. मग रॉजर वॉटर्सची बास. आप्पा दारात येऊन थांबले. चौकटीवर बोटं वाजवत थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "सातचं आहे की रे हे."

मी ते गाणं शंभर वेळा तरी ऐकलं असेल. कधी मोजलं नव्हतं. आप्पांनी हातावर मोजून दाखवलं, रूपकासारखं, सात. सॅक्सोफोन संपेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. गिटारचा सोलो सुरू झाला तशी त्यांची बोटं थबकली. "आता चारावर आला," म्हणाले, आणि पाणी तापवायला निघून गेले. खरंच, तेवढा सोलो चारात आहे. मला कळलं की ते गाणं मी वरवरच ऐकत आलोय. आप्पा ज्या बाजूने आत शिरले ते दार मला माहीतच नव्हतं.

नोकरी लागल्यावर इंडियन ओशन आलं. २००० सालचा 'कंदिसा' माझ्या हाती उशिराच आला, पण आल्यावर सात-आठ वर्षं दुसरं काही फारसं नव्हतं. सुश्मित सेनची गिटार, अमित किलमचे ड्रम्स, मांडी घालून तबला वाजवत गाणारा अशीम चक्रवर्ती, आणि बासवर राहुल राम. पर्यावरणाच्या विषयात कॉर्नेलची डॉक्टरेट घेतलेला हा माणूस नर्मदा आंदोलनात राहून आला होता, आणि तिथलं 'माँ रेवा' बँडमध्ये घेऊन आला. नंदुरबारकडची मणिबेलीसारखी गावं पाण्याखाली गेल्याचं मी पेपरात वाचलं होतं. पण ती नदी माझ्या अंगाला लागली ती त्या गाण्यात, आणि तीही बासमधून. अशीम २५ डिसेंबर २००९ ला गेला. त्यानंतर वर्षभर मी ती सीडी लावू शकलो नाही. बँड पुढे चालू राहिला, चांगलं काम केलं. माझा मात्र तिथे थांबला.

वय वाढतं तशी आवड सुधारते असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. मेटालिका त्या वेळी जेवढं खरं होतं तेवढंच आजही आहे. माझा कान फक्त खाली खाली उतरत गेला, सोलोवरून ठेक्यावर, ठेक्यावरून खर्जावर.

म्हणूनच बीटल्स मला पन्नाशीच्या अलीकडे भेटले. नाव शाळेपासून माहीत होतं, गाणी सगळ्यांना येतात तेवढी यायची. पण १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफने चित्रकलेसाठी बँड सोडला तेव्हा बास पॉल मॅकार्टनीकडे आली, हे वाचून मी चांगले हेडफोन लावले आणि 'समथिंग' ऐकलं. गाणं जॉर्ज हॅरिसनचं, गातो तोच. खाली मॅकार्टनीची बास एक वेगळंच गाणं गात असते, आणि वरच्या गाण्याला तिचा कुठे धक्का लागत नाही. तीन मिनिटं मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. माझी मुलगी बीटीएस ऐकते, दार लावून. मी ते दार वाजवत नाही.

आप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत. मंडळात जुने तिघेच उरलेत, तरी गुरुवार चुकत नाही. हात कापतो म्हणून पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक मी लावतो. ती पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवायची, मधोमध थापायची, कडेने बोट फिरवून बसवायची. कमी पडली तर पुडी ठणठणते, जास्त झाली तर गुदमरते. मागच्या गुरुवारी मी लावली, थाप मारली, आणि आप्पांकडे पाहिलं. मंडळी टाळ घेऊन थांबली होती.

"अजून सुपारीएवढी," आप्पा म्हणाले.

मी परातीतून चिमूट घेतली, लावली, पाण्याचं बोट फिरवलं. पुन्हा थाप मारली. घुमलं ते आधी माझ्या मांडीला कळलं, कानाला नंतर. आप्पांनी पखवाज आपल्याकडे ओढून घेतला.